मालनबाई मिस्त्री आणि आमचं बाथरूम

आमच्या घरामागच्या सांदवाडीत बाथरूम किती वेळा बांधून झालं हे आता शोभालाही सांगता येत नाही, आणि शोभाला तर आमच्या लग्नात तिच्या मावशीला कोणत्या काठाचं पातळ दिलं होतं तेही आठवतं. आज त्या जागी मोकळी माती आहे आणि कोपऱ्यात थोडा पुदिना. तरीसुद्धा कोणी मला विचारलं, की गोपाळराव, आयुष्यात काय केलं, तर मी आधी त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतो. मुलाच्या पुण्याच्या नोकरीचं नंतर सांगतो.

हे सगळं सुरू झालं चंद्रकांता मॅडममुळे. आंधळगावच्या शाळेत मी गणित शिकवायचो तेव्हा ही मुलगी पहिल्या बाकावर बसून माझ्या चुका काढायची. आता ती भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात कम्युनिटी कॉलेज नावाच्या विभागाची प्रमुख आहे. एक दिवस घरी आली, शोभाच्या हातचा चिवडा दोनदा वाढून घेतला आणि म्हणाली, सर, गवंडीकामाचा अभ्यासक्रम सुरू करतोय, तुम्ही शिकवायला या. मी म्हणालो, बाई, आमचं घराणं विणकरांचं. मला धोटा चालवता येईल, वीट नाही. तर म्हणाली, वीट हिरालाल मिस्त्री शिकवतील. तुम्ही लिहिणं, वाचणं आणि हिशेब शिकवायचा. त्याच वर्गात, त्याच वेळेला.

तिचं म्हणणं असं होतं. शिकायला येणारी माणसं दुसरीत-चौथीत शाळा सोडलेली. नुसता साक्षरतेचा वर्ग काढला तर कोणी फिरकत नाही, आणि नुसती भिंत शिकवली तर नकाशा वाचायची वेळ आली की गाडी अडते. म्हणून भिंत आणि भागाकार एकत्र. दोन्ही मास्तर एकदमच वर्गात उभे.

मला हे पटलं. खरं सांगायचं तर पटण्याआधीच मी हो म्हणालो होतो, कारण निवृत्तीनंतर मला कोणी 'या' म्हटलं नव्हतं. निवृत्त शिक्षकाला लोक लग्नात बोलावतात, पण पंगतीच्या वेळेला. शिवाय सरकारी कामाचा मला दांडगा अनुभव. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझे नोकरीचे कागद चुकून तिकडे गेले होते. ते परत आणता आणता माझं जे शिक्षण झालं ते बी.एड.ला झालं नव्हतं.

पहिल्याच दिवशी अडचण आली. हजेरीपटावर एका तासाला एकाच शिक्षकाच्या सहीची जागा. हिरालाल म्हणाला, सर, तुम्ही करा. मी म्हणालो, नाही हो, तुम्ही करा. असं आदरातिथ्य बराच वेळ चाललं आणि शेवटी दोघांनी एकाच चौकोनात अर्धी अर्धी सही केली. कार्यालयाने ती सही बनावट ठरवून वर्ग भरलाच नाही असं कळवलं. चंद्रकांता मॅडमने जाऊन भांडून तो दिवस जिवंत केला.

हिरालाल हा माणूस उंच, काटक, खर्जातल्या आवाजाचा. त्याची स्वतःची ठाम मतं होती आणि त्यातलं एक असं, की गणिताच्या मास्तराने मसाल्यात पाय घालू नये. मी चौथ्या दिवशी, तो घमेल्यात सिमेंट-रेती कालवून दाखवत असताना, घातला. चप्पल अजून तशीच आहे, सिमेंटची.

वर्गात बहुतेक बायाच होत्या. साऱ्या रेजा. आमच्याकडे बांधकामावर हा रिवाजच आहे, पुरुष मिस्त्री आणि बाई रेजा. बाईने घमेलं वाहायचं, विटा पुरवायच्या, मसाला कालवायचा. मिस्त्री पान खायला गेला तर ती दोन थर लावूनही देते, पण तो परत आला की मसाला थापायची करणी त्याच्या हातात. कारध्याची मालनबाई त्यातलीच एक. रोज वैनगंगेचा पूल ओलांडून यायची, सगळ्यांच्या आधी. हातात सफाई होती, ओळंबा तिला नुसत्या नजरेने कळायचा. पण कागद समोर धरला की ती पदर तोंडाला लावून हसायची, आणि ते हसू खोटं असायचं.

तिचं सगळं या कागदावर अडलं होतं. कारध्याला अंगणवाडीची नवी इमारत होणार होती. तिने ठेकेदाराला सरळ विचारलं होतं, मले मिस्त्री म्हणून घेता का. तो म्हणाला, नकाशा वाचता येते का? प्रमाणपत्र आण, मग करणी धर. नाहीतर घमेलं आहेच. त्याच्या माणसांसमोर म्हणाला आणि माणसं हसली. मालनबाईने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. फक्त म्हणाली, "गुरुजी, उमर गेली दुसऱ्याच्या भितीले विटा देता देता. एक भित तं मायी म्हणून उभी राहू द्या."

त्या दिवशी मी घरी आलो तो छाती काढून. शोभाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, जेवायला वाढ. काही गोष्टी सांगितल्या की लहान होतात.

आता मुद्दा जागेचा. कॉलेजच्या पटांगणात नुकत्याच रंगीत फरशा बसवल्या होत्या आणि कसलीशी तपासणी समिती यायची होती, त्यामुळे तिथे चिखल करायला सक्त मनाई. गवंडीकाम खोलीत फळ्यावर शिकवा, असं वरून सुचवण्यात आलं. हिरालालने फळ्यावर वीट काढली. बाया ती पाहत बसल्या. मला राहवलं नाही. मी उभा राहून जाहीर केलं, की आमच्या सांदवाडीत जागा आहे, आमच्या घरी बाथरूम बांधायचंच आहे, सराव तिथे होईल. टाळ्या वाजल्या. शोभाला विचारायचं राहिलं होतं, पण टाळ्या वाजल्यावर विचारता येत नाही.

शोभाने हरकत घेतली नाही, उलट खूश झाली. सांदवाडीत दुसरं बाथरूम हवं असं ती आमची लेक रंजिता सासरी गेली तेव्हापासून म्हणत होती, जावई आले की पंचाईत होते म्हणून. तिने जागा दाखवली, खिडकी कुठे, खुंटी कुठे, गरम पाण्याची बादली कुठे, सगळं ठरवलं. एक गोष्ट तिला कोणी सांगितली नाही, कारण मलाही ती तोवर माहीत नव्हती. सरावाच्या विटा कॉलेजच्या डेड स्टॉकमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या वहीत, नोंदलेल्या. भिंत मातीच्या गाऱ्यात बांधायची, गुण द्यायचे, मग सोडवून विटा मोजून रचायच्या. पुढच्या धड्याला त्याच विटा.

पहिली भिंत छान उभी राहिली. शोभाने तिला हळदीकुंकू लावलं, आतून एक खुंटी ठोकली आणि तिच्यावर टॉवेल टाकला. सोमवारी वर्ग आला आणि हिरालालने भिंत उतरवायला घेतली. टॉवेल घडी करून शोभाच्या हातात दिला. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला डेड स्टॉक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही, आणि ते विसरून झालेलं नव्हतं.

शेजारी परसरामजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. माणसाने आयुष्यभर कालव्याला उतार दिला, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला उतार द्यायची त्यांना सवय. ते गच्चीवर खुर्ची टाकून आमचा वर्ग पाहायचे. आधी म्हणाले, तोंड ईशान्येला नको. भिंत उतरली तेव्हा म्हणाले, मी सांगितलं ते ऐकलं, बरं केलं. दुसरी भिंत उभी राहिली तेव्हा म्हणाले, पाणी आमच्याकडे येईल. तीही उतरली. तेव्हापासून परसरामजींचा असा समज झाला, की गोपाळराव त्यांच्या एकेका सल्ल्यापायी भिंती पाडतो. मोहल्ल्यात त्यांचा मान वाढला आणि माझ्याबद्दल लोक हळू आवाजात बोलू लागले.

आता ती गोष्ट सांगतो, जी मोहल्ल्यात अजून निघते आणि मी अजून उठून आत जातो.

धडा होता चौकोनी बांधणीचा. हिरालालच्या पुस्तकात दार सहाव्या भागात येतं आणि हा भाग होता चौथा, म्हणून चारही भिंती सलग, दार नाही. आदल्या दिवशी त्या गुडघ्याएवढ्या झाल्या होत्या. माझ्या पुस्तकात त्याच दिवशी परिमिती आणि क्षेत्रफळ. मला कल्पना सुचली. मी पाय उचलून चौकोनाच्या आत जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, बायांनो, परिमिती म्हणजे बाहेरून फिरायचं आणि क्षेत्रफळ म्हणजे आत राहायचं. मग म्हटलं, याच्यासाठी पावकी-निमकी पाठ पाहिजे, म्हणा माझ्या मागून. पाढे म्हणताना डोळे मिटायची माझी जुनी सवय. मी म्हणत गेलो, बाया म्हणत गेल्या, आणि पाढ्याच्या तालावर चारी बाजूंनी वीट बसत गेली. असा रंग वर्गाला कधी चढला नव्हता. मी निमकी संपवून पाऊणकी घेतली. तीही संपली. डोळे उघडले तर समोर वीट.

भिंत हिरालालच्या छातीच्या वर आली होती. माझी उंची मी सांगत नाही, पण मला त्याचं फक्त डोकं दिसत होतं. मी भिंतीला हात घातला तसा तो ओरडला, सर, ओली आहे, हात नका लावू. मी मालनबाईला विचारलं, अगं, सांगायचं नाही का? तर ती म्हणाली, "गुरुजी पाढे म्हणून राहिले, मधात कसं बोलाव जी?" बाकीच्या बायांनी मान हलवली. गुरुजी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे त्यांना शाळेत शिकवलेलं आणि तेवढंच पक्कं बसलेलं.

परसरामजी गच्चीवरून म्हणाले, भिंत सुकू द्या, संध्याकाळपर्यंत होईल. शोभाने भिंतीवरून चहा दिला. तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यात मिठाची आठवण होती. संध्याकाळी आत एक स्टूल उतरलं, बाहेर परसरामजींची शिडी लागली, आणि मी भिंतीवर आडवा असताना, एक पाय क्षेत्रफळात आणि एक परिमितीत असताना, फाटकातून नगरपालिकेचे एक साहेब आत आले. कोणीतरी अनधिकृत बांधकामाची तक्रार केली होती.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मी वरूनच म्हणालो, शिक्षण आहे. त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मोजमाप घ्यायला आले तर भिंत नाही. मातीकडे बराच वेळ पाहून गेले. पुढच्या आठवड्यात आले तर भिंत वेगळ्या कोपऱ्यात. त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि मला म्हणाले, तुम्ही एकदाचं ठरवून कळवा. मी ठरवून कळवतो म्हणालो. अजून कळवलेलं नाही.

पण एक मात्र झालं. त्या वर्गात त्यानंतर परिमिती आणि क्षेत्रफळ यांत कोणाचीही गफलत झाली नाही. कोणी विचारलं की बाया म्हणायच्या, गुरुजी होते ते क्षेत्रफळ. याचा मला अभिमान आहे. थोडा रागही आहे.

परीक्षा जवळ आली तशी हिरालालने सराव परीक्षा घेतली. दिलेल्या नकाशावरून एक कोपरा आणि त्यात दाराची जागा बांधायची. मालनबाईची बांधणी पाहत राहावी अशी झाली. पण दार उलट्या बाजूला. ते थेट परसरामजींच्या स्वयंपाकघराकडे उघडत होतं. परसरामजींनी गच्चीवरून फार मोठा सल्ला दिला. बाया हसल्या. हिरालालने शून्य दिलं, दार चुकलं की शून्य हा त्याचा नियम होता.

मालनबाईने करणी धुतली, पुसली, माझ्यासमोर ठेवली.

"माह्यानं नाही होत गुरुजी. विटा समजते, कागद नाही समजत. मी जातो आता."

मी नकाशा उचलला आणि पुन्हा समजावून सांगायला तिच्यासमोर उभा राहिलो, जसा आयुष्यभर वर्गासमोर उभा राहिलो तसा. आणि हिरालाल, जो कधी माझ्या विषयात बोलत नव्हता, तो हळूच म्हणाला, सर, तुमचा डावा हात तिचा उजवा हाय. मी कागद माझ्याकडून धरून 'डावीकडे' म्हणत होतो आणि ती इमानाने तिच्या डावीकडे बांधत होती. सगळा महिना.

मी घमेलं उपडं केलं आणि तिच्या शेजारी बसलो. धोतर नाही नेसत मी, पँट आहे, ती चिखलात गेली. कागद दोघांच्या मध्ये मांडीवर ठेवला. म्हणालो, मालनबाई, आता आपण दोघं एकाच बाजूने पाहतो. हे दार. हे कोणाच्या हाताला? ती कागदावर वाकली. मग तिने स्वतःचा उजवा हात पाहिला, कागद पाहिला, जागा पाहिली. आणि पदर तोंडाला न लावता हसली. परसरामजी वरून काही म्हणत होते, शोभाने त्यांना गप्प बसायला सांगितलं. शोभाने. परसरामजींना. मला त्या दिवशी कशाकशाचा आनंद मानावा ते कळेना.

त्यानंतर मी कधी समोर उभा राहिलो नाही. रोज उपड्या घमेल्यावर. हिरालालही दुसऱ्या घमेल्यावर येऊन बसू लागला. तो मधूनच हळू आवाजात अपूर्णांक विचारायचा, मी मधूनच वीट कशी धरायची ते. दोघांची प्रगती सारखीच बेताची होती.

परीक्षेचा दिवस. नागपूरहून परीक्षक आला, तरणा मुलगा, हातात टॅब, डोळ्यांवर घाई. शिक्षकांनी दूर राहायचं असा नियम, म्हणून मी आणि हिरालाल आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी. शोभा मध्ये. परीक्षकाने मालनबाईला नवा नकाशा दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. ती थांबली. मी माझ्याच घरात घामाने भिजलो. परीक्षक म्हणाला, वाचता येत नसेल तर सांगा, पुढे जाऊ.

"येते जी," मालनबाई म्हणाली. "घाई करत नाही. घाईनं भित वाकडी होते, वाचनं बी वाकडं होते."

आणि तिने वाचलं. एकेक अक्षर, एकेक आकडा, टिंबासकट. लांबी वाचली, उंची वाचली, दार कोणत्या हाताला ते वाचून त्या हाताने दाखवलं. विटांचा हिशेब मातीत काडीने केला. एके ठिकाणी चुकली. हिरालालने माझं मनगट धरलं. तिने काडी थांबवली, पुन्हा वरून पाहत आली, तळव्याने एक ओळ पुसली आणि बरोबर केली. मग पदर खोचला आणि करणी उचलली. पुढचं पाहायची गरज नव्हती, तरी आम्ही पाहिलं. शोभा डोळे पुसत होती आणि म्हणत होती, कांदा चिरत होते. कांदा कुठेच नव्हता.

परीक्षकाने ओळंबा लावला, मागे झाला, परत लावला. टॅबवर काहीतरी टिपलं आणि तिला म्हणाला, बाई, पास. मालनबाईने त्याला विचारलं, लिहून मिळते ना? तो म्हणाला, मिळते.

मी इतकी वर्षं शिकवलं. माझे विद्यार्थी डॉक्टर झाले, एक तहसीलदार झाला, एकाने तर मला बँकेत ओळखही दिली. पण असं भरून मला कधीच आलं नव्हतं. हे मी मोकळेपणाने सांगतो, कोणाला मोठेपणा वाटला तर वाटो.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली आली. परीक्षेची भिंत सोडवून विटा मोजून कॉलेजात परत गेल्या. त्यात दोन कमी भरल्या. शोभा त्यांच्यावर तुळशीची कुंडी ठेवून गप्प उभी होती. मीही गप्प राहिलो.

मग आम्ही खरंखुरं बाथरूम बांधायचं ठरवलं, आपल्या विटांचं, सिमेंटचं, दार असलेलं. मिस्त्री कोण, हा प्रश्न घरात आलाच नाही. मी कारध्याला गेलो. अंगणवाडीची भिंत खिडकीपर्यंत आली होती. तिथल्या माणसाने मला अडवलं आणि विचारलं, कोणाशी काम आहे? मी म्हणालो, मालनबाईंशी. तो म्हणाला, मिस्त्री वर हायेत, थांबा लागन. मी थांबलो. वर परांचीवर मालनबाई उभी होती, हातात नकाशा, आणि शेजारी उभ्या दोन गड्यांना तो दाखवत होती. समोर उभी राहून नाही, त्यांच्या बाजूला उभी राहून. ठेकेदार खाली होता. हसत नव्हता.

तिने मला पाहिलं, खाली आली, हात पुसून नमस्कार केला. मी काम सांगितलं. तिने जागा आठवली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "गुरुजी, तुमाले नाही कशी म्हणू? हे काम होऊ द्या. मंडई झाली का येतोच पाहा."

मी मोठ्या आनंदात पूल ओलांडून घरी आलो. शोभाने विचारलं, कधी येते म्हणाली? मी सांगितलं, मंडई झाली की. शोभाने हातातलं काम थांबवलं. आमच्या मुलखात दिवाळीपासून गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, आज या गावची तर उद्या त्या गावची, पार थंडी सरेपर्यंत.

"कोणत्या गावची मंडई, ते विचारलं का?"

ते मी विचारलं नव्हतं. शोभा माझ्याकडे पाहत राहिली आणि मग इतकी हसली की तिला ओट्याला टेकावं लागलं. म्हणाली, "तारीख नाही? मग आता पक्की मिस्त्री झाली ती."

मीही हसलो. छाती काढून हसलो.